स्टॅम्पवरची फारकत

जालना जिल्ह्यातल्या हसनाबाद परिसरात संसार मोडायची वेळ आली की आधी चारचौघांची बैठक बसते. ‘मिटवून घ्या, पोरीला नांदायला पाठवा’ असा आग्रह होतो. तो फसला की स्टॅम्प पेपर येतो. राजीखुशीने, कोणाच्याही दबावाविना वेगळे होत आहोत, यापुढे पोटगी मागणार नाही, असा ठरावीक मजकूर. खाली सह्या-अंगठे, साक्षीदार, नोटरीचा शिक्का. आंदणाची भांडी परत गेली की फारकत झाली असे सगळे धरून चालतात.

बैठकीत बसणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. भोकरदन-जालन्याच्या चकरा, वकिलाची फी, बुडणारी मजुरी आणि चव्हाट्यावर येणारी अब्रू यांतून दोन्ही घरे वाचावीत, एवढेच त्यांना वाटते. पण हा कागद पुढे त्याच मुलीला नडतो.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीने होणारी काडीमोड मान्य केली आहे. मात्र आपल्या समाजात तशी रूढी खरोखर चालत आली आहे, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते जमले नाही तर नोटरीच्या शिक्क्याने लग्न मोडत नाही. मग त्या कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्नही रद्दबातल. शिवाय पत्नी परस्परसंमतीने वेगळी राहत असेल तर तिला पोटगी नाही, असे कायदा म्हणतो. म्हणजे घटस्फोट सिद्ध होत नाही आणि वेगळे राहण्याची संमती मात्र कागदावर दिसते. पोटगीच्या अर्जाला विरोध करायला नवऱ्याच्या वकिलाला आणखी काय हवे?

नव्याने घरात आलेल्या मुलीचे हालही कमी नाहीत. पहिली पत्नी हयात असताना लग्न झालेल्या यमुनाबाई आढाव यांना सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये पोटगी नाकारली होती. पुढे २०१३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाकडून आलेल्या बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे या खटल्यात, पहिले लग्न लपवणाऱ्या नवऱ्याला स्वतःच्या लबाडीचा फायदा घेता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने ठरवले. फसवल्या गेलेल्या बाईला दाद मिळाली, पण नवऱ्याने वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेल्यावरच ती पक्की झाली.

कायद्याचा रस्ता बैठकीला वाटतो तितका निर्दय नाही. संमतीने घटस्फोटाची सोय १९७६ पासून आहे. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा; नंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. माहेरी राहणाऱ्या पत्नीला २००३ पासून ती राहते तिथल्या हद्दीतील न्यायालयात अर्ज करता येतो. आणि अब्रूची भीती असेल तर हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ वाचावे: ही सुनावणी बंद दाराआड होते, तिचा मजकूर छापायलाही मनाई आहे. बैठकीत मात्र अख्खा वाडा ऐकत असतो.

न्यायव्यवस्थेचा खरा दोष दिरंगाईचा आहे. नागपूरच्या रजनेश-नेहा प्रकरणात २०१३ मध्ये मागितलेल्या अंतरिम पोटगीचा वाद २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. त्या निकालाने दोन्ही पक्षांना मिळकतीचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे बजावले. त्याची अंमलबजावणी तालुक्याच्या कोर्टात होते की नाही, हे वकील संघांनीच पाहायला हवे. आणि बैठकीनेही, समेट म्हणजे मुलीला परत पाठवणे, ही समजूत सोडायला हवी. दोघांनी कटुता न वाढवता वेगळे व्हावे आणि लेकरांची सोय आधी लावावी, हाही समेटच.

चारचौघांनी बैठक जरूर घ्यावी. पण ठरलेले घेऊन नोटरीकडे न जाता तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिलेला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. तोवर कोऱ्या किंवा लिहिलेल्या, कोणत्याही स्टॅम्पवर मुलीची सही घेऊ नका.