तक्ता खरा, निष्कर्ष सरकारी

१/ ‘आकडे खोटे बोलत नाहीत’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी शिरूर-दौंड परिसराचा १८७५ चा इतिहास जरूर वाचावा.

२/ अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) इथल्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, पत आटली. त्यातच नव्या जमाबंदीने शेतसारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढवला.

३/ शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकारावर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे कर्जखते आणि वह्या जाळल्या गेल्या. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते; आजच्या दौंडचा बराच भागही त्यातच.

४/ सरकारने आयोग नेमला. त्याने रयतेच्या, सावकारांच्या जबान्या घेतल्या. सारा, बाजारभाव, व्याजदर यांचे तक्ते मांडले. १८७८ मध्ये अहवाल ब्रिटिश संसदेपुढे गेला. आजच्या डेटा-पत्रकारांना हेवा वाटावा असे काम!

५/ निष्कर्ष काय? दोष साऱ्याचा नाही, सावकाराचा. सारा वाढवणारे सरकार, आयोग नेमणारे सरकार, निर्दोष सुटणारेही सरकारच.

६/ तेव्हा रंगीत नकाशे, धावते आलेख आणि ड्रोनचे व्हिडिओ पाहून भुलू नका. मोजले कोणी? कशासाठी? ज्याचे कर्ज मोजले, तो कुठे बोलतो? पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले ‘पारी’ मोलाचे ठरते ते याच कारणाने: तिथे शेतकरी स्वतः बोलतो, आणि ते मराठीतही वाचता येते.

७/ आयोगाच्या निष्कर्षावर आज बोट ठेवता येते, ते त्याच्याच अहवालात रयतेच्या जबान्या उरल्या म्हणून. जबानी गाळून काढलेला आलेख कितीही देखणा असो, त्याची उलटतपासणी उद्या कोणालाच करता येणार नाही.