एकट्या पुरुषाला मुलगी का नाही?

मी ३६ वर्षांचा आहे, लग्न केलेलं नाही, आणि मला बाप व्हायचंय. कायदा म्हणतो, हो की, पण मुलाचा. मुलीचा नाही.

मी वाढवून सांगत नाही. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ५७(४): एकटा पुरुष मुलगी दत्तक घ्यायला पात्र नाही. एकट्या बाईला मुलगा आणि मुलगी दोन्ही चालतात. पुरुषाचं घर, कमाई, चारित्र्य कुणी बघायच्या आतच दार बंद. सरोगसीचंही तेच. २०२१च्या कायद्यात जोडप्यांखेरीज ती मुभा फक्त ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित बाईला आहे.

आता याच देशातला दुसरा कायदा बघा. १९५६चा हिंदू दत्तक कायदा अविवाहित पुरुषालाही मुलगी दत्तक घेऊ देतो. दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर हवं, एवढी खास अट. म्हणजे ओळखीतल्या एखाद्या घरातली मुलगी, तिच्या आईवडिलांच्या संमतीने, मी दत्तक घेऊ शकतो. माझं घर तपासून घ्या, असं तो कायदा म्हणत नाही. पण संस्थेत वाढणारी, जिच्यामागे कुणीच नाही, ती मुलगी मला मिळणार नाही. जिथे सरकार कसून तपासणी करतं तिथे बंदी, आणि जिथे तपासणीच नाही तिथे मोकळीक! याला सुरक्षितता म्हणायचं?

‘पण मुलीचं काही बरंवाईट झालं तर?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो खरा आहे. मुलांवरच्या अत्याचारांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो, कित्येकदा घरातलाच. पण मग लग्न झालेल्या पुरुषाच्या घरी मुलगी कशी देता? बायको वारली तर विधुराकडून त्याची मुलगी आपण काढून घेतो का? आणि अत्याचार मुलग्यांवरही होतात. मला मुलगा देताना ही काळजी कुठे जाते?

धोका लग्नाच्या दाखल्याने टळत नाही, लक्ष ठेवल्याने टळतो. त्याची सोय आहे. दत्तकाआधी समाजसेविका घरी येऊन ‘होम स्टडी’ करते, दत्तकानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. कमी वाटतं? पाच वर्षं करा. न कळवता या. मुलीशी एकटीशी बोला. माझी ना नाही.

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका अविवाहित इंजिनिअरने २०१६ साली डाउन सिंड्रोम असलेला मुलगा दत्तक घेतला. देशभर कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. त्या बाळाच्या जागी मुलगी असती, तर त्याच माणसाचा अर्ज पुढे सरकलाच नसता. अपंगत्व असलेल्या किंवा जरा मोठ्या झालेल्या मुलींना घर मिळणं आधीच अवघड. त्यात हे कलम घर द्यायला तयार असलेली माणसं आणखी कमी करतं. मला निदान मुलगा तरी घेता येईल. तिच्याकडे दुसरा पर्याय काय आहे?

मला सवलत नको. माझी चौकशी करा, नापास झालो तर नाकारा. पण चौकशीआधीच नाकारणारं कलम ५७(४) रद्द व्हायला हवं, आणि ते संसदेच्या हातात आहे. तुमचा खासदार पुढच्या वेळी मत मागायला आला, की त्याला एवढं एक विचारा.