घरचा संगणक : वंशावळ बोलती करूया



आपल्याकडच्या जुन्या घराण्यांत वंशावळीचा कागद असतोच. त्या झाडाला मुलग्यांच्या फांद्या फुटतात आणि लेकींची फांदी बहुधा नावाशीच संपते. सुनेचे माहेर तर क्वचितच सापडते. ही माहिती ज्यांना तोंडपाठ आहे ती पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. म्हणून यावेळी ती संगणकावर अशी नोंदवूया की कुठल्याही बाजूने विचारले तरी उत्तर मिळावे.

पद्धतीचे नाव आहे ‘लिंक्ड डेटा’, म्हणजे जोडलेली माहिती. प्रत्येक नोंद तीन शब्दांची : कोण, नाते, कोणाशी. आपल्या ओळखीचे होळकर घराणे घेऊ.

:मालेराव :वडील :खंडेराव .
:मालेराव :आई :अहिल्याबाई .
:मुक्ताबाई :आई :अहिल्याबाई .
:खंडेराव :वडील :मल्हारराव_१ .
:अहिल्याबाई :वडील :माणकोजी_शिंदे .

या लिखाणाला ‘टर्टल’ म्हणतात. साध्या नोटपॅडमध्ये, देवनागरीतच लिहा आणि फाइल ‘यूटीएफ-८’ प्रकारात जतन करा. नावाच्या शेवटी टीटीएल ही तीन रोमन अक्षरे हवीत. पहिल्या ओळीत ‘प्रीफिक्स’ लिहून आपल्या नावांसाठी एक पत्ता ठरवावा लागतो. वाक्याअखेरचा पूर्णविराम विसरू नका.

‘मल्हारराव_१’ का? होळकरांत मल्हारराव तीन झाले. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत संगणकाला कळत नाही. दोघांना एकच नाव दिलेत, तर तो दोघांना एकच माणूस समजेल.

आता सर्व्हर. ‘अपाचे जेना फुसेकी’ हा मोफत प्रोग्राम आहे. त्यासाठी आधी संगणकावर जावा लागते. जेनाच्या पाचव्या आवृत्तीला जावा १७ किंवा पुढची हवी. डाउनलोड केलेले फोल्डर उलगडून त्यातूनच आज्ञा द्यायची : ‘फुसेकी-सर्व्हर’, मग ‘लोकलहोस्ट’ हा पर्याय, मग ‘फाइल’ पर्यायात आपल्या फाइलचे नाव, शेवटी तिरकी रेघ देऊन संचाचे नाव. हे सारे रोमन लिपीत आणि दोन्ही पर्यायांआधी दोन आडव्या रेघा. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, विसर्गचिन्ह, ३०३० असा पत्ता टाकला की प्रश्न विचारायचे पान उघडते.

‘लोकलहोस्ट’ पर्याय गाळू नका. त्याच्यामुळे सर्व्हर फक्त तुमच्याच संगणकाला उत्तरे देतो, नाहीतर त्याच वायफायवरचा दुसरा संगणकही विचारपूस करू शकतो. वंशावळीत हयात माणसांच्या जन्मतारखा असतात. त्या घरातच राहिलेल्या बऱ्या.

प्रश्नाची भाषा ‘स्पार्कल’. सिलेक्ट आणि व्हेअर हे शब्द रोमन, बाकी मराठी चालते. महिरपी कंसात लिहा :

:मालेराव :वडील+ ?पूर्वज

अधिक चिन्ह म्हणजे ‘वडील, त्यांचे वडील, असे सापडतील तितके’. उत्तर येईल खंडेराव आणि मल्हारराव. आता ‘:वडील’च्या जागी ‘(:आई|:वडील)’ लिहा. त्याच फाइलमधून अहिल्याबाई आणि चौंडीचे माणकोजी शिंदेही पुढे येतात. कागदावरच्या झाडात जे आजोळ कधी दिसत नाही, ते एका उभ्या रेघेने दिसू लागते!

एक सोय आणखी. इंदूरच्या शाखेने आपली फाइल करावी, बडोद्याच्या शाखेने आपली. पहिली प्रीफिक्सची ओळ आणि समाईक पूर्वजांची नावे दोघांनी अक्षरशः सारखी लिहिली, तर दोन्ही फाइली एकाखाली एक चिकटवल्या की घराणे जुळते.

दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करून सर्व्हर पुन्हा सुरू करावा. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी.

सुरुवात मात्र संगणकापासून करू नका. या रविवारी आजीजवळ वही घेऊन बसा आणि पहिला प्रश्न विचारा : आजी, तुझ्या आईचे माहेरचे नाव काय?