निर्वाण म्हणजे मरण नव्हे



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एक वयोवृद्ध उपासक वारले. चौथ्या दिवशी त्यांचा थोरला मुलगा पुण्यानुमोदनाच्या कार्डाचा मजकूर घेऊन माझ्याकडे आला. कारकुनाचे शुद्धलेखन बिनचूक असते असा लोकांचा समज असल्यामुळे लग्नपत्रिकेपासून रेशनकार्डाच्या अर्जापर्यंत सगळे कागद आमच्याच दारात येतात. त्याने लिहिले होते, ‘आमचे परमपूज्य वडील यांचे महापरिनिर्वाण झाले.’ मी म्हटले, “बाळा, महापरिनिर्वाण हा शब्द तथागतांचा. बाबासाहेबांच्या स्मृतिदिनाला आपण तो कृतज्ञतेने लावतो. घरच्या माणसासाठी तो नको.” यावर तो म्हणाला, “मग काका, परिनिर्वाण लिहू? की नुसते निर्वाण?”

जणू एकाच कापडाचे तीन पन्हे! पण त्या पोराला तरी काय दोष द्यायचा? निर्वाण म्हणजे मोठ्या माणसाचे मरण, ही समजूत आपल्या घराघरांत आहे. मराठी भाषेतही हा शब्द शेवटाच्या अंगाने वळला. म्हणून तर आपण ‘निर्वाणीचा इशारा’ देतो. सतीश आळेकरांचे १९७४ चे गाजलेले ‘महानिर्वाण’ नाटक हे चाळीत मेलेल्या भाऊरावांच्या अंत्यविधीचे, आणि कीर्तन करणार स्वतः मेलेले भाऊराव. नाटक म्हणून ते मोठेच आहे. पण तिथेही निर्वाण म्हणजे तिरडी आणि स्मशान.

साधा हिशेब मांडून पाहा. सिद्धार्थ गौतमाला बोधिवृक्षाखाली ज्ञान झाले तेव्हा त्याचे वय ३५. कुशिनारा येथे देह ठेवला तो ८० व्या वर्षी. निर्वाण म्हणजे मरण असते, तर मधली ४५ वर्षे गावोगाव पायी फिरून धम्म सांगत होता तो कोण? कुशिनाऱ्याला झाले ते परिनिर्वाण. निर्वाण त्याआधी झालेले होते, आणि ते जिवंत माणसाचे होते.

परदेशात हा शब्द गेला आणि दुसऱ्या टोकाला झुकला. १९८७ साली अमेरिकेत निघालेल्या एका रॉक बँडने तो आपल्या नावाला घेतला. त्यांचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम १९९१ मध्ये निघाला आणि जगभर खपला. १९९४ मध्ये त्यांचा गायक कर्ट कोबेन याने वयाच्या २७ व्या वर्षी स्वतःला संपवले. त्या तरुणावर टीका करावी असे मला वाटत नाही; तो जळत होता. आता हाच शब्द मालिश करणाऱ्या स्पाच्या पाटीवर आणि पोहण्याचा तलाव असलेल्या गृहसंकुलाच्या जाहिरातीत आला आहे. मऊ गादी, मंद उदबत्ती, गरम तेल, की झाले निर्वाण!

गंमत अशी, की हे काही नवीन नाही. बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात निर्वाणावर स्वतंत्र प्रकरण आहे. बुद्धापूर्वी निर्वाणाच्या ज्या कल्पना होत्या त्यांत एक ‘लौकिक’ होती, म्हणजे शरीराची भूक भागवणे. बुद्धाने ती नाकारली. आत्म्याच्या मोक्षाची कल्पनाही नाकारली. बाबासाहेबांनी सांगितलेला अर्थ असा, की निर्वाण म्हणजे आत्म्याची सुटका नसून माणसाचे सुख. ते याच संसारात, जिवंतपणी मिळवायचे. आणि सतत पेटलेल्या विकारांच्या ज्वाळांवर ताबा ठेवणे हा त्याचा मार्ग. जाहिरातवाल्यांना अडीच हजार वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेले आहे.

हे सगळे मी त्या मुलाला समजावीत होतो आणि तो जांभई आवरीत होता. संध्याकाळी मजकूर घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. तेव्हा त्याची आई म्हणाली, “ते जड शब्द मला कळत नाहीत भाऊ. पण शेवटची चार-पाच वर्षे माणूस निवला होता.”

मी चमकलो. पालीतले ‘निब्बान’ म्हणजे विझणे, थंड होणे. आणि आपले ‘निवणे’ त्याच मुळातून आलेले. भात निवत ठेव, चहा निवू दे, लेकराला पाहून डोळे निवले, असे आपल्या आया-बाया रोज बोलतात. जातकाच्या निदानकथेत किसा गोतमी नावाची क्षत्रिय कन्या सिद्धार्थाला पाहून जे उद्गारते, त्यात हाच शब्द आहे: अशा मुलाची आई निवली, बाप निवला, बायको निवली. सिद्धार्थाच्या मनात आले, खरे निवायचे म्हणजे काय विझायला हवे? पुढे गयाशीर्षावर त्यानेच ते सांगितले. समोर हजार भिक्खू, सगळे पूर्वीचे अग्निपूजक जटिल. त्यांना तो म्हणाला, की डोळा जळतो आहे, कान जळतो आहे, मन जळतो आहे. लोभाने, द्वेषाने, मोहाने.

आमची तरुण पोरे इथे एक शंका काढतात, आणि ती रास्त आहे. राग विझवून बसलो तर अन्यायाशी लढायचे कोणी? त्यांनी महाड आठवावे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या आपल्या माणसांवर काठ्या चालल्या. हात उगारायला आपली माणसेही तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. म्हणून लढा थांबला का? डिसेंबरात ते पुन्हा महाडला गेले, मनुस्मृती जाळली, आणि तळ्याचा खटला १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकला. दहा वर्षे! नुसता संताप दहा वर्षे टिकत नाही.

आता त्या वारलेल्या गृहस्थांविषयी. ते गिरणी कामगार. १९८२ च्या संपात नोकरी गेली, मग दारू, मग सगळ्या जगावर राग. त्यातून बाहेर पडून ते विहाराचे काम पाहू लागले. मी बी. कॉम., म्हणून हिशेब तपासणी माझ्याकडे. एका वर्षी एक पावती सापडेना. मी भर सभेत त्यांच्यावर बोट रोखले. पावती तीन महिन्यांनी कपाटाच्या फळीमागे मिळाली. मी ती फायलीला लावली आणि गप्प राहिलो. आमचे बोलणे आठ वर्षे बंद होते. पुढे एका वैशाख पौर्णिमेला विहारात खीर वाटताना त्यांनी मला हाक मारली, “साहेब, या, बसा,” आणि द्रोण माझ्या हातात दिला. पावतीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. खाली मान घालून खीर संपवली.

क्षमा मागायची ती राहूनच गेली. त्यांच्या घरात हे पहिल्यांदाच बोललो, ते त्यांच्या बायकोपाशी. ती म्हणाली, “त्यांना ठाऊक होते. कपाटामागून पावती काढणाऱ्या पोराने तेव्हाच येऊन सांगितले होते.”

कार्डावर आम्ही शेवटी ‘दुःखद निधन’ एवढेच छापले.