रक्त इटालियन, हेल इंग्रजी

‘कॅप्टन कोरेलीज मँडोलिन’ (2001) हा चित्रपट टीकाकारांनी उगाच बदनाम केला, असं एका रसिकांनी नुकतंच छातीठोकपणे लिहिलं आहे. मुद्दे तीन. इटालियन कप्तान कोरेली झालेल्या नटाचं कुळ काढू नये. काढायचंच तर निकोलस केज कोपोला घराण्यातला, म्हणजे इटालियन रक्ताचाच. आणि केफालोनिया या ग्रीक बेटाचा समुद्र काय दिसतो!

समुद्राने आपलं काम चोख केलं आहे. त्याच्याबद्दल तक्रार नाही. आजोबा-पणजोबांच्या बळावर तोफखान्याचा कप्तान वठतो, हे शास्त्र मात्र नवीन.

खरी गोम हेलात आहे. केज इटालियन हेलाचं इंग्रजी बोलतो. स्पॅनिश पेनेलोपी क्रूझ आणि ब्रिटिश जॉन हर्ट ही ग्रीक बापलेक आपापल्या परीने ग्रीक हेल लावतात. अहो, ही दोघं स्वतःच्या घरात स्वतःच्याच भाषेत बोलताहेत ना? मग अडखळतं इंग्रजी कशाला? त्यांच्या घरात लादलेला शत्रूचा अधिकारीही तसाच अडखळतो. त्यामुळे जिंकणारा कोण नि हरलेला कोण, हे कानाला कळतच नाही. कप्तान आणि ती ग्रीक मुलगी यांच्यातली भिंत हीच तर त्यांच्या प्रेमाची अडचण! ती पाडली की सुट्टीवर आलेल्या पाहुण्याचं घरमालकाच्या मुलीशी जमलं, एवढंच उरतं. मालवणी नाटकांवर वाद झाला तेव्हाही हेच गृहस्थ म्हणाले होते, ‘हेल काढला की माणूस उभा राहतो.’ आपल्या रंगभूमीवरचा ‘टुम टुम’ करणारा गोरा साहेब याच समजुतीचं अपत्य. इथे हाताशी अस्सल ग्रीक आयरीन पापास होती. तिला नायिकेच्या वाग्दत्त वराची, मँड्रासची, आई करून कोपऱ्यात बसवलं.

‘चित्रपट म्हणजे मूळ कादंबरी नव्हे,’ असाही बचाव होतो. मान्य. मग नाव कादंबरीचंच का?

8 सप्टेंबर 1943 ला इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली आणि पुढे याच बेटावर जर्मनांनी इटलीच्या आक्वी डिव्हिजनचे हजारो सैनिक गोळ्या घालून मारले. ते पडद्यावर दिसतं. पण मरणाऱ्यांशी आपली ओळखच झालेली नसते.

मग नट निवडावेत कसे? जन्मदाखला पाहून नव्हेच. ‘कासाब्लांका’त (1942) स्वीडिश इन्ग्रिड बर्गमन नॉर्वेची इल्झा झाली, काही बिघडलं नाही. तिथे सगळेच परक्या गावात अडकलेले, आणि त्यातले कित्येक नट युरोपातून खरोखर परागंदा झालेले. परके उच्चार कथेलाच हवे होते. कथेला नको असतील तर नटांना सरळ बोलू द्या, आणि आधी नायक-नायिकेला समोरासमोर उभं करून पाहा. त्याला वंशावळ लागत नाही. एक स्क्रीन टेस्ट पुरते.