अर्जुननगरची बस कोणाची?

देवचंद कॉलेजला आपण सगळे निपाणीचे कॉलेज म्हणतो, पण ते निपाणीत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात डांबली गेली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६० साली, जनता शिक्षण मंडळाचे हे कॉलेज निपाणीला लागून पण हद्दीपलीकडे, कागल तालुक्यातील अर्जुननगरला सुरू झाले. संलग्न आहे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी. निपाणी आणि भोवतालच्या खेड्यांतील मराठी मुलांच्या दोन पिढ्या तेथून पदवीधर झाल्या, आता नातवंडे जातात. कॉलेजला वेळेवर पोचायचे कसे, हा प्रश्न मात्र आजही सुटलेला नाही.

कागलहून महामार्गाने निघालेल्या विद्यार्थ्याचा प्रवास पाहा. कागल महाराष्ट्रात. कोगनोळी, सौंदलगा, यमगर्णी आणि निपाणी कर्नाटकात. पुढे अर्जुननगर पुन्हा महाराष्ट्रात. वीस-बावीस किलोमीटरांत दोनदा राज्य बदलते. रस्ता तोच, गर्दी तीच, गाडीतल्या लोकांची बोलीही तीच. बदलतो तो फक्त पास. महाराष्ट्राची एस.टी. विद्यार्थ्यांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत देते, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून पास मोफत आहे. कर्नाटकचे वायव्य परिवहन मंडळही सवलतीचा पास देते. शिवाय ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली कर्नाटकातील रहिवासी महिलांना राज्यातल्या साध्या बसमधून प्रवास मोफत आहे. कागदावर पाहिले तर विद्यार्थ्यांची चंगळच म्हणायची. पण एस.टी.चा पास कर्नाटकच्या गाडीत चालत नाही आणि तिकडचा एस.टी.त चालत नाही. समोर गाडी उभी असली तरी पासवाल्या मुलाला आपल्या पासाची गाडी येईपर्यंत तिष्ठत राहावे लागते. वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी सौंदलग्याची लाल गाडीतून फुकट निपाणीला येते. कागलची त्याच गाडीत चढली तर तिला तिकीट काढावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकने १५ टक्के भाडेवाढ केली आणि वीस दिवसांत महाराष्ट्रानेही १४.९५ टक्के केली. तेवढ्या एका बाबतीत दोन्ही राज्यांचे एकमत झाले!

मग उरते वडाप, नाहीतर दुचाकी. आपल्यातील जुन्या, बऱ्या स्थितीतल्या घरांनी हा प्रश्न केव्हाच आपल्यापुरता सोडवला आहे. मुलगा अकरावीत गेला की गाडी घेऊन द्यायची. गिअरच्या गाडीचा परवाना अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही आणि महामार्गावरून मालट्रक सुसाट जात असतात, हे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. ज्यांना तेही परवडत नाही, त्यांच्या घरात पहिली गदा मुलीच्या शिक्षणावर येते. बारावी झाली, आता बस झाले, असे म्हणून तिला घरी बसवतात आणि कारण विचारले तर 'येण्याजाण्याची सोय नाही' असे सांगतात. ते खोटे नसते, म्हणूनच त्यावर कोणी बोलत नाही.

त्यात तणावाचे दिवस आले की आहे तीही सोय बंद. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि एस.टी.ने कर्नाटकातील फेऱ्या थांबवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ वाहकाला मारहाण झाली, पाठोपाठ चित्रदुर्गला एस.टी.च्या चालकाला काळे फासले गेले, आणि पुन्हा आंतरराज्य गाड्या बंद झाल्या. मुंबईत निषेधाचे पत्रक निघते, बंगळुरात प्रतिपत्रक निघते. पायपीट होते ती आपल्या पोरांची. निषेध जरूर व्हावा, परंतु गाड्या बंद करून महाराष्ट्र सरकार कोणाला शिक्षा करते, हे एकदा आपल्या नेत्यांनी मंत्रालयात विचारले पाहिजे.

आपल्या संघटनेत एक मत असे आहे की बस, पास, थांबे असल्या किरकोळ मागण्या कर्नाटक शासनाकडे करू नयेत. तशा केल्या तर आपण येथे राहायला राजी आहोत असा अर्थ निघतो. मला हे पटत नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या साली जन्मलेली मुले पदवी घेऊन बाहेरही पडली. आपण घरपट्टी भरतो, वीजबिल भरतो, त्याने दावा कमजोर होत नाही. मग मुलाने पास मागितल्याने कसा होईल? उलट, सीमाभागातील मराठी मुले कॉलेजात टिकली नाहीत तर उद्या हा लढा चालवणार कोण?

मागणी अवघड नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ८८ प्रमाणे दोन राज्यांत आंतरराज्य वाहतुकीचा करार होतो. कोणत्या मार्गावर कोणी किती किलोमीटर गाड्या चालवायच्या हे त्यात ठरते. त्याच करारात एक कलम वाढवावे, की सीमेवरील ठरावीक टप्प्यात एकाचा विद्यार्थी पास दुसऱ्याने मान्य करावा. पैशाचे काय, असे अधिकारी विचारतील. आम्ही बँकेत बसणारी माणसे रोज हेच करतो. एका बँकेचा चेक दुसऱ्या बँकेत भरला जातो, क्लिअरिंगमध्ये जमा-नावे होते आणि फरक तेवढा चुकता केला जातो. दोन महामंडळांना महिन्याअखेर हा हिशेब करायला कितीसा वेळ लागेल? कॉलेजच्या वेळेला धरून सकाळी दोन आणि दुपारी दोन फेऱ्या केवळ विद्यार्थ्यांसाठी असाव्यात, आणि तणावाच्या काळातही पोलीस बंदोबस्तात त्या सुरू राहाव्यात, हे दुसरे कलम. खानापूर तालुक्यातून बेळगावला येणाऱ्या मुलांचा प्रश्न एकाच राज्यातला असल्याने तुलनेने सोपा आहे. तेथे जादा गाड्यांसाठी विभागीय कार्यालयावर जाणे पुरेसे आहे.

पण 'विद्यार्थ्यांची गैरसोय होते' एवढ्या मोघम निवेदनावर कोणी शेरा मारत नाही, त्याला आकडे जोडावे लागतात. जूनमध्ये पासाचे अर्ज सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावच्या शाखेने यादी करावी: अर्जुननगरला जाणारी मुले किती, मुली किती, कोणत्या थांब्यावरून चढतात, पास कोणता, तास किती वाजता. कोगनोळी, सौंदलगा आणि यमगर्णीपासून सुरुवात करावी, आणि बारावीनंतर घरी बसलेल्या मुलींचा रकाना वेगळा ठेवावा. तो आकडा निवेदनात सर्वांत वर टाकू.