एक्सप्लेनर : डोळे चुरचुरताहेत? ड्रॉप्सच्या आधी एसीकडे पाहा

भर पावसाळ्यात मुंबईत कपडे वाळत नाहीत, पण काचेच्या ऑफिसात बसलेल्यांचे डोळे मात्र कोरडे पडतात. कारण सोपे आहे. एसी हवा थंड करताना तिच्यातले बाष्पही काढून घेतो. एसीच्या नळीतून ठिबकते ते पाणी हेच. त्यात स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होऊ शकते.

‘डोळ्यांतले पाणी कमी झाले, वरून थेंब टाकले की झाले’ असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. अश्रूंच्या थरातले पाणी उडून गेले तरी क्षार मागे राहतात आणि अश्रू जास्त खारट होतात. निरोगी डोळ्यात ही तीव्रता लिटरला साधारण ३०० मिलिऑस्मोल असते; ३०८च्या पुढे गेली की डॉक्टरांना कोरडेपणाची शंका येते. एवढासा फरकही डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींना ताण वाटतो. त्या धोक्याची रसायने सोडतात आणि रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात. यालाच दाह म्हणतात. या दाहात म्युसिन, म्हणजे अश्रूंना डोळ्यावर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, बनवणाऱ्या पेशी मरतात. मग अश्रूंचा थर लवकर फाटतो, पाणी आणखी उडते, दाह आणखी वाढतो. म्हणूनच २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या आजाराच्या व्याख्येतच दाहाचा समावेश केला.

‘डोळ्यांतून तर पाणी वाहतेय, मग कोरडे कसे?’ हा नेहमीचा प्रश्न. चुरचुरीमुळे येणारे ते पाणी घाईघाईने सुटलेले असते, ते टिकत नाही.

खरी काळजी पुढे आहे. लाली लगेच जावी म्हणून अनेकजण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणतात. दाह उतरतो, बरे वाटते, बाटली संपली की दुसरी येते. पण दीर्घ वापराने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. दाहावरचे सायक्लोस्पोरिनसारखे औषध गुण द्यायला काही आठवडे ते महिने घेते, तेवढा धीर क्वचितच कोणाला असतो.

आणि हा सगळा खर्च कर्मचाऱ्याने एकट्याने का सोसायचा? जानेवारी २०२० पासून नव्या रूम एसीचे डिफॉल्ट तापमान २४ अंश ठरले, ते वीज वाचवण्यासाठी. हवा किती कोरडी, याबद्दल ऑफिसांत कोणी बोलतही नाही. आर्द्रता मोजायचे साधे यंत्र काहीशे रुपयांत मिळते. ४० ते ६० टक्के आर्द्रता ठेवणे, झोत थेट चेहऱ्यावर येणारी खुर्ची हलवणे, स्क्रीन नजरेच्या थोडी खाली ठेवणे, ही कामे ॲडमिन विभागाची आहेत. (विदर्भातला कूलर हवेत ओलावा सोडतो, पण त्याच्या झोतासमोर बसले तर डोळे तिथेही सुकतात.)

डोळा दुखत असेल, धूसर दिसत असेल किंवा उजेड सहन होत नसेल, तर मात्र खुर्ची हलवत बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.